इरम्माच्या भट्टीतला जलजला

फसली १३५१ च्या बहमन महिन्यात, म्हणजे इंग्रजी हिशेबानं एक्केचाळीस सालच्या डिसेंबरात, मौजे खडकउंबर इथं सकाळच्या वेळी जमीन हलली. किती हलली याबद्दल गावात दोन मतं होती. बायकांचं म्हणणं, घरोघरच्या उतरंडी कोसळल्या. पुरुषांचं म्हणणं, आम्हाला काही कळलं नाही, आम्ही झोपलो होतो. माणूस दगावला नाही, बैलानं दावं तोडलं नाही. दुसऱ्या कुठल्या मुलखात लोकांनी ही गोष्ट दोन दिवस चघळली असती आणि सोडून दिली असती. पण आमच्याकडं रजिस्टर होतं.

भूकंपाला आमच्या कचेरीत तेव्हा जलजला म्हणत, आणि रजिस्टर त्याचंच होतं. लाल कापडी पाठीचं, अकरा रकान्यांचं. हैदराबादेहून ते सर्व्हिस मोटारीनं आलं तेव्हा सोबत हुकूम होता: प्रत्येक तालुक्यानं जलजल्याची तारीख, वेळ, जोर, दिशा, उगमाचं ठिकाण आणि उगमाची खोली नोंदवावी; एकही रकाना रिकामा राहिल्यास संबंधित अहलकारास जबाबदार धरलं जाईल. संबंधित अहलकार, म्हणजे कचेरीतला कारकून, म्हणजे मी, विरुपाक्ष. माझ्याकडं टोळधाडीचं रजिस्टर आधीपासून होतं. टोळधाड वरून येते, जलजला खालून येतो, दोन्ही बाजू एकाच माणसानं सांभाळाव्यात असा तहसीलदारसाहेबांनी विचार केला.

दोन वर्षं मी दर महिन्याला 'निरंक' असा अहवाल पाठवत होतो. निरंक लिहून लिहून मन विटलं होतं. इतकं देखणं रजिस्टर आणि आत एक ओळ नाही. शेजारच्या तालुक्याच्या अहलकारानं एकदा रेल्वेची थरथर नोंदवून शाबासकी मिळवली होती. आमच्या तालुक्यात रेल्वेसुद्धा नव्हती. त्यामुळं खडकउंबरचा कोतवाल बातमी घेऊन आला तेव्हा मला आनंद झाला. लोकांची मडकी फुटली आणि मला आनंद झाला, हे मी आज स्वच्छ कबूल करतो.

तहसीलदारसाहेब खास हैदराबादी, दिलदार माणूस. आयुष्यात ते एकाच गोष्टीला भीत: वरून उलट आलेल्या कागदाला. पान जुळवता जुळवता ते म्हणाले, "विरुपाक्ष, जलजला आया तो आया, खुदा की मर्जी. मगर रकाना खाली नक्को."

खडकउंबर हे गाव नळदुर्गाच्या बाजूचं, सडकेपासून दोन कोस आत. मधोमध महादेवाचा पार आणि पाराला लागून इरम्माचं घर. बाकीची सगळी माळवदं, म्हणजे मातीच्या धाब्याची घरं, त्याच्या भोवती गोल बसलेली आणि झाडून सगळ्यांची दारं पाराकडं. प्रत्येक घरात चूल आणि उतरंड मागच्या भिंतीला. मडक्यावर मडकं, त्यावर गाडगं, वर लोटकं, अशी सात-आठ भांड्यांची उतरंड भिंतीला टेकवून रचायची, ही आमच्या भागातली रीतच. माझ्याही घरात ती तशीच होती. ही माहिती रजिस्टरात कुठंच नाही, कारण तिला रकाना नव्हता.

इरम्मा साठीच्या घरातली विधवा. चुरमुरे आणि फुटाणे भाजून विकायची. घर म्हणजे एक खोली, वर पाचटाचं छप्पर, आणि खोलीत जमिनीत खणलेली भट्टी. पहाटे पारावरच्या महादेवाला दिवा लावायची, मग भट्टी पेटवायची. तिच्या फुटाण्यांसाठी तामलवाडीपर्यंतची माणसं बाजारच्या दिवशी येत. मी लहानपणी माझ्या मावशीकडं त्या गावात जायचो, तेव्हा ती मला चाळणीतले गरम फुटाणे सदऱ्याच्या ओच्यात घालायची. हेही रजिस्टरात नाही.

मी पारावर सतरंजी टाकली आणि जबान्या घ्यायला बसलो. पोलीसपाटील महालिंगप्पा शेजारी बसले. त्यांच्या गावात पहिल्यांदाच काहीतरी सरकारी घडलं होतं, म्हणून त्यांनी फेटा बांधला होता.

तारखेचा रकाना भरलेलाच होता. पुढचा वेळेचा. गावात घड्याळ एकच, पाटलांचं, आणि ते गेल्या दिवाळीपासून बंद. मी सिदू धनगराला विचारलं, "जमीन हलली तेव्हा वेळ काय होती?"

"इरम्माच्या भट्टीचा धूर निघाला तवा."

सिताबाई म्हणाली, "इरम्माक्कानं नुकतीच भट्टी पेटवली हुती बगा." मथुराबाई म्हणाली, "भट्टीत वाळू पडल्याचा आवाज आला, आन् लगीच मडकी पडली." सतरा जबान्या झाल्या. सतराही माणसांनी वेळ सांगितली ती इरम्माच्या भट्टीची. सांगणार तरी काय? त्या गावाची सकाळ तिच्या धुरावरच चालायची. पण जबानी वाचणाऱ्याला हे कसं कळावं? कागदावर दिसत होतं ते एवढंच, की सतरा साक्षीदारांपैकी सतरांनी जलजल्याच्या संदर्भात एकाच बाईचं नाव घेतलं आहे.

मग रकाना जोराचा. तो मोजायचा कसा, हे हुकुमात नव्हतं. महालिंगप्पांनी तोड काढली. "पीक आपन सोळा आन्यांत धरतो न्हवं? मग ह्ये बी धरा की. जास्ती लिवलं तर काई फायदा हाय का?"

"नाही."

"मग तीन आने लिव्हा. साडेतीन लिव्हा, जाऊ द्या."

जोर: साडेतीन आणे. नोंद झाली.

त्यानंतरचा रकाना दिशेचा, आणि इथं माझ्या विद्वत्तेला पाय फुटले. हुकुमाच्या शेवटी एक बारीक अक्षरांची पुरवणी होती. साऱ्या कचेरीत ती मी एकट्यानं वाचली होती. तिच्यात शास्त्र होतं. वस्तू कुठल्या दिशेला पडल्या ते पाहावं, त्या दिशेच्या रेघा नकाशावर ओढाव्यात, रेघा जिथं मिळतील तिथं उगम. मी मोजणी खात्याकडून होकायंत्र मागून आणलं होतं. घरोघर गेलो. बायकांनी खापऱ्या तशाच ठेवल्या होत्या. मी प्रत्येक घरात उकिडवा बसून दिशा घेतली आणि नकाशावर रेघ ओढली. एकतीस घरं, एकतीस रेघा.

सगळ्या रेघा पाराजवळ मिळाल्या. थेट इरम्माच्या घरात.

मला घाम फुटला, तो आनंदाचा. इतकी नितळ आकृती मी आयुष्यात काढली नव्हती. युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या रेघा म्हणे कोसभर इकडं तिकडं जातात. माझ्या एका भट्टीवर आल्या. मडकी भिंतीला टेकलेली, म्हणून ती दाराकडं पडली, आणि दारं पाराकडं, एवढा विचार करायला मला वेळ नव्हता. मी शास्त्र करत होतो.

राहिला खोलीचा रकाना. मी इरम्माच्या घरात गेलो. ती वाळू चाळत बसली होती. मी म्हणालो, "इरम्माक्का, जरा भट्टीची खोली मोजायची आहे."

"मोज की. पर चटका बसंल, सरकून बस."

भट्टी दोन हात एक वीत भरली. उगमाची खोली: दोन हात एक वीत. शेरा: उगमस्थान स्पर्शास उष्ण.

तिनं मला मूठभर फुटाणे दिले. ते खात खात मी तिचं नाव उगमाच्या रकान्यात घातलं.

अहवाल हैदराबादेस गेला आणि सव्वा महिन्यानं उत्तर आलं. माझी तारीफ होती. इतक्या नेमकेपणानं उगम दाखवणारी नोंद साऱ्या संस्थानात दुसरी नाही, असं लिहिलं होतं. खाली हुकूम: मुआयना, म्हणजे तपासणी, करणारे अधिकारी येईपर्यंत उगमस्थान जसंच्या तसं राखावं, तिथं कोणीही राहू अथवा विस्तव करू नये.

मी स्वतः लाख आणि मोहोर घेऊन गेलो. पंचनामा केला. एक भट्टी, दोन चाळण्या, एक झारा, भाजणीची वाळू अंदाजे तीन पायली. सगळं आत, इरम्मा बाहेर.

"म्या काय केलं मुन्शी?" तिनं विचारलं.

"तुम्ही काही केलं नाही, अक्का. तुमच्या घरातून जलजला निघाला."

"माज्या घरातनं?" ती दाराकडं बघत राहिली. "मला दिसला न्हाय तो. म्या तर आतच हुती."

पंच म्हणून पाच जणांनी अंगठे दिले. त्यांतला प्रत्येक जण स्वतःच्या घरात मागच्या भिंतीला टेकवलेली नवी उतरंड ठेवून आला होता. सिदू धनगरानं फक्त अंगठा टेकता टेकता विचारलं, "हितनं निगाला न्हाय म्हनलं, तर मग कुणाच्या घरातनं निगाला म्हनायचा?" मी म्हणालो, ते मग नव्यानं शोधावं लागेल. त्यानं घाईनं अंगठा दाबला.

इरम्मा पारावर राहायला लागली. महादेवाला दिवा ती तशीच लावायची, पण धूर निघेना, म्हणून गावाची वेळ बिघडली. शाळेचे पंतोजी उशिरा यायला लागले. बाजारच्या दिवशी लोक फुटाण्यांशिवाय परत जायचे. शेजारणी आळीपाळीनं भाकरी द्यायच्या, ती घ्यायची. पण हाताला काम नव्हतं म्हणून ती दिवसभर रिकामी चाळण चाळल्यासारखे हात हलवायची. ते हात मी एकदा पाहिले आणि पुन्हा पाराकडच्या वाटेनं गेलो नाही. कोतवालाकडून खबर घ्यायचो.

मुआयना करणारे अधिकारी आले नाहीत. ते पद मंजूर होतं, माणूस नव्हता.

माझे डोळे उघडले ते माझ्या घरी. एका दुपारी मांजरानं आमची उतरंड पाडली. बायको, महानंदा, खापऱ्या गोळा करत म्हणाली, "पाराकडं पडली न्हाय, नशीब. न्हायतर मलाबी घराभाईर काडलं असतं तुमी."

मी म्हणालो, "आपल्या दारात पार नाही."

"तेच म्हनती म्या. भिंतीला टेकवलेली उतरंड दाराकडंच पडनार. मागं भिंत हाय न्हवं. एवडं होकायंत्र घेऊन फिरलासा, एका बाईला तरी इचारलं का?"

विचारलं नव्हतं. बायकांच्या जबान्या वेळेच्या रकान्यासाठी घेतल्या होत्या. दिशेच्या रकान्याला होकायंत्र होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला माझी लाज वाटली आणि त्याहून जास्त, खरं सांगतो, ती सुंदर आकृती वाया जाणार याचं वाईट वाटलं.

तरी मी दुरुस्तीचा अर्ज केला. माझ्याच नोंदीविरुद्ध, माझ्याच सहीनं. तहसीलदारसाहेबांनी पान थुंकून येईपर्यंत विचार केला आणि अर्ज पुढं पाठवला. उत्तर वाजवी होतं. उगम चुकीचा असल्यास काढून टाकण्यास हरकत नाही, मात्र रकाना रिकामा राहू नये, सबब पर्यायी उगम सुचवावा.

मी तालुक्यातल्या सगळ्या पाटलांना पत्रं लिहिली. आपल्या शिवारात जलजल्याचा उगम मानण्यास आपली तयारी आहे काय? एकूणएक उत्तरं आली. आमच्या शिवारात असा उगम नाही, वाडवडिलांपासून नव्हता, गाव इमानदार आहे. एकानं तर उगम नसल्याबद्दल मौलवी आणि जंगम दोघांचा दाखला जोडला होता.

पर्यायी उगम म्हणून स्वतःचं घर लिहावं, असा विचार एक क्षण माझ्या मनात आला. त्या क्षणाची नोंद मी कुठंही केली नाही.

शेवटी तोड साहेबांनी काढली. कायद्यात प्रत्येक गोष्टीला तोड असते, फक्त ती माणसाच्या बाजूची नसते. ते म्हणाले, "बुढ्ढी से मुचलका लिखवा लो. चोर छूट सकता, तो जलजला कायकू नहीं?"

मोहोर लागल्याच्या सातव्या महिन्यात मी मुचलका, म्हणजे हमीचा कागद, लिहून नेला. इरम्माला वाचून दाखवला. "मी इरम्मा, पेशा फुटाणे, राहणार खडकउंबर, राजीखुशीनं लिहून देते की मागील जलजला माझ्या राहत्या घरातून निघाला हे मला कबूल आहे. यापुढं सरकारी इजाजतीशिवाय मी जमीन हलू देणार नाही. हलल्यास माझं घर कायमचं सरकारजमा करावं, माझी तक्रार राहणार नाही."

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाली, "ह्येच्यावर अंगठा दिला की भट्टी पेटवू का?"

"लगेच."

"मग आन हिकडं. जमीन काय, महादेवाच्या मनात आसंल तवा हालंल. त्येला मी सांगती."

तिनं अंगठा दिला. संध्याकाळी गावात धूर दिसला आणि लोकांनी घड्याळाकडं बघावं तसं आभाळाकडं बघितलं. मला वाटलं, सुटलो.

अठ्ठेचाळीस सालच्या सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. कचेरीवरचं निशाण बदललं, उर्दू गेली, साहेब पेन्शनीत निघाले. रजिस्टर मात्र गेलं नाही. नवे साहेब तरुण, तडफदार. जुन्या राजवटीतली सगळी बेजबाबदार नोंदणी निकालात काढायची, असा त्यांचा निर्धार होता. त्यांनी 'जलजला' खोडून सगळीकडं 'भूकंप' करायला लावलं आणि मग प्रत्येक नोंदीची विश्वासार्हता तपासायला घेतली. अ, ब आणि क अशा श्रेणी होत्या.

आमची नोंद आली तेव्हा मी म्हणालो, "साहेब, ही चुकीची आहे. मीच केलेली आहे."

त्यांनी मुचलका उलटून पाहिला. "चुकीची कशी असेल? प्रत्यक्ष उगमाची कबुली आहे. अंगठा आहे. जगात कुठल्या भूकंपाला हा पुरावा मिळतो?"

"त्या बाईकडून तो लिहून घेतला होता."

"तुमच्यासमोर?"

"मीच घेतला."

"मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले आणि 'अ' लिहिलं. शेऱ्यात त्यांनी टाकलं: उगम निश्चित व बंदोबस्तात. सदर भागास भूकंपाचा धोका नाही.

हा शेरा गावोगाव वाचून दाखवण्यात आला. खडकउंबरला लोकांनी टाळ्या वाजवल्या. महालिंगप्पांनी त्या उन्हाळ्यात माळवदावर माडी चढवली. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, मधे माती, चुन्याचा थेंब नाही. सरकारनंच धोका नाही म्हटल्यावर चुना कशाला? पाटलांचं बघून आणखी नऊ घरांवर माड्या चढल्या.

एकोणपन्नासच्या थंडीत, सकाळच्या वेळी, जमीन पुन्हा हलली.

मी रजिस्टर घेऊन खडकउंबरला पोचलो तेव्हा गाव नेहमीसारखं होतं. फार नेहमीसारखं. बायका खापऱ्या पदराखाली घेऊन उकिरड्याकडं चालल्या होत्या. महालिंगप्पा म्हणाले, "छे छे, काई न्हाय. मला तर कळलंबी न्हाय." त्यांच्या फेट्यावर माती सांडली होती.

इरम्मा भट्टीपाशी बसली होती. मला बघून तिनं झारा खाली ठेवला, हात पुसले आणि अंगठा पुढं केला.

"लिव माजंच," ती म्हणाली. "जाऊ दे मग घर सरकारात. म्या पारावर जाती, मला सवय हाय. दुसऱ्या कुनाच्या दारात त्ये होकायंत्र घेऊन जाऊ नको बाबा."

मी खाली बसलो. पुढं ती म्हणाली, "पर येक लिवून घे. पाटलाची माडी म्या हितनं बघितली. दगडं सुटून आशी फुगली भिंत, आन् परत बसली. माजं पाचट हाय, पडलं तर आंगावरनं झटकीन म्या. त्यांच्या घरात ल्हान पोरं निजत्यात. माड्या उतरवा म्हनावं."

माझ्या रजिस्टरच्या आयुष्यात कोणी खरी माहिती दिली असेल तर ती हीच. मी अकराही रकाने वरपासून खालपर्यंत पाहिले. तारीख, वेळ, जोर, दिशा, उगम, खोली. तिची गोष्ट कुठंच बसत नव्हती. आणि भूकंप नोंदवल्याशिवाय शेरा लिहिता येत नव्हता, भूकंप नोंदवला की मुचलका मोडत होता, मुचलका मोडला की म्हातारी बाहेर.

मी पाटलांना तोंडी सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या.

कचेरीत परत येऊन मी रजिस्टर उघडलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं: निरंक.

आयुष्यात मी एकदाच कोणावर दया केली, तीही चुकीची माहिती देऊन. इरम्मा आपल्याच घरात, आपल्याच भट्टीशेजारी वारली. त्या दिवशी गाव उशिरा उठलं. पुढं माझी नोंद तालुक्याहून जिल्ह्याला गेली, जिल्ह्याहून वर गेली, मोठ्या सूचीत छापली गेली, आणि तिच्या आधारानं विद्वान लोक आजही सांगतात की त्या तालुक्यात एकदाच भूकंप झाला, साडेतीन आण्यांचा, दोन हात एक वीत खोलीवरून. त्यानंतर काही नाही. माड्या अजून उभ्या आहेत. लोक त्यांवर तिसरा मजला चढवताहेत.

तुम्ही आता म्हणाल, इतकी साधी गोष्ट आणि सबंध गावात एकानंही तोंड उघडू नये? मग मी तुम्हाला विचारतो. उतरंड मागच्या भिंतीला असते आणि दारं पाराकडं होती, हे मी तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं होतं. माझ्या रेघा भट्टीवर मिळाल्या तेव्हा तुम्ही हसलात. मी लाख आणि मोहोर घेऊन निघालो तेव्हाही तुम्ही पुढं वाचत राहिलात. पंचनाम्यावर पाच अंगठे आहेत. सहाव्याची जागा रिकामी आहे, आणि रकाना रिकामा ठेवायचा नाही असा हुकूम आहे.